उणे वीस अंश, उतारावरचे माग आणि एक शंका

पत्र:
ताई, नमस्कार. पुढच्या आठवड्यात आम्ही चौघं मित्र लिफ्टच्या हद्दीबाहेर, बॅककंट्रीत स्कीइंगला जाणार आहोत. गेले दहा दिवस तिथे तापमान उणे वीसच्या आसपास आहे आणि शेवटचा बर्फ पडून आठ दिवस झालेत. आमच्यातला सगळ्यात अनुभवी मित्र म्हणतो की एवढ्या थंडीत बर्फ गोठून दगड झालेला असतो, हिमस्खलनाचा धोका ऊब आल्यावर सुरू होतो. ज्या उतारावर जायचं आहे तिथे परवाच कुणीतरी उतरून गेल्याचे मागही दिसतात. हिमस्खलन बुलेटिनमध्ये मात्र धोक्याची पातळी ३ आहे. मित्र म्हणतो, पाचातले तीन म्हणजे मधलंच, आणि तिथे खड्डा खणून बघूच. मी स्कीइंग बरं करतो, पण हिमस्खलनाचा फक्त एक दिवसाचा वर्ग केलाय. शंका काढली तर घाबरट ठरलो. धोका स्वतः कसा ओळखायचा? आणि चौघांत एकट्यालाच नको वाटत असेल तर काय करायचं?

उत्तर:
तुमची शंका रास्त आहे. ती मनातच ठेवली नाहीत, विचारलीत, याचं मला फार बरं वाटलं.

आधी तुमच्या मित्राच्या म्हणण्याकडे येते, कारण ते पूर्ण चुकीचं नाही. उन्हाने किंवा पावसाने बर्फात पाणी मुरतं, थरांची एकमेकांवरची पकड सुटते आणि ओला, जड बर्फ घसरत खाली येतो. हे पाणी रात्री गोठलं की सकाळी तोच उतार खरोखर दगडासारखा लागतो. वसंतात डोंगरात जाणारे लोक म्हणूनच पहाटे अंधारात निघतात आणि ऊन तापायच्या आत खाली येतात. मित्राने हा वसंतातला नियम भर हिवाळ्याला लावला आहे. दहा दिवस उणे वीस असलेल्या बर्फात पाणीच नाही, मग त्यातलं गोठणार काय?

कोरड्या बर्फात थंडी वेगळंच काम करत असते. बर्फाचा थर जमिनीवर गोधडीसारखा पसरलेला असतो, त्यामुळे अगदी तळाशी, मातीलगत, तापमान शून्याच्या जवळपास टिकून राहतं. पृष्ठभाग मात्र हवेइतका किंवा निरभ्र रात्री हवेपेक्षाही थंड असतो. समजा तुमच्या उतारावर बर्फ ८० सेंटिमीटर आहे. तळाशी शून्य, वर उणे वीस. म्हणजे दर १० सेंटिमीटरला अडीच अंशांचा फरक पडला. हा फरक साधारण एक अंशाच्या पुढे गेला की खालची उबदार वाफ बर्फाच्या कणांमधून वर सरकू लागते आणि जाता जाता त्या कणांचा आकार बदलून टाकते. एकमेकांना चिकटलेले गोलसर कण जातात आणि त्यांच्या जागी कंगोरेदार, सुटे, साखरेच्या दाण्यांसारखे स्फटिक तयार होतात. हातमोज्यात घेऊन मूठ कितीही आवळा, त्याचा गोळा होत नाही. बोटांमधून गळून जातो. असा थर तळाशी असला की त्याच्या वरचं सगळं त्या सुट्या दाण्यांवर उभं असतं. थंडी जितकी लांबते तितका तो थर पोसला जातो, आणि एकदा झाला की आठवडेच्या आठवडे, कधी अख्खा हंगाम, तसाच राहतो.

आता तेच उणे वीस, पण बर्फ अडीच मीटर खोल असेल तर? तेव्हा दर १० सेंटिमीटरला फरक ०.८ अंशांचा येतो आणि कण उलट हळूहळू एकमेकांना धरू लागतात. म्हणून मित्राला पहिला प्रश्न विचारायचा तो तापमानाचा नाही. तिथे बर्फ किती खोल आहे, हे विचारा. हंगामाच्या सुरुवातीचा उथळ बर्फ आणि त्यावर लांबलेली थंडी, या जोडीला मी सगळ्यात जास्त भिते. त्यातही सावलीतले उतार, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड असलेले, कारण त्यांना ऊन मिळत नाही आणि तिथला कमकुवत थर सावरायला फार वेळ घेतो. ताज्या बर्फाचंही तसंच. शून्याच्या थोडं खाली तापमान असेल तर नवा बर्फ दोन-तीन दिवसांत बऱ्यापैकी बसतो; कडाक्याच्या थंडीत बसण्याची ही क्रिया मंदावते आणि वादळानंतरचा धोका रेंगाळतो.

पण नुसत्या साखरी बर्फाने माणसं मरत नाहीत. तो एकटाच असेल तर स्कीखालून थोडाफार वाहतो, इतकंच. त्याच्यावर एकसंध, जरा दाबलेला थर बसला की खरी गोष्ट सुरू होते. या थराला आम्ही स्लॅबच म्हणतो, आणि घराच्या छताचा स्लॅब डोळ्यांसमोर आणलात तर चित्र बरोबर उमटेल. खालचे खांब ठिसूळ, वर अखंड लादी. तुमचं वजन एखाद्या जागी खालच्या थरापर्यंत पोचलं की तिथले दाणे कोसळतात, ती मोडतोड वाऱ्यासारखी आडवी धावत जाते आणि वरची लादी तुमच्याही वरच्या बाजूला तडकून सुटते. तुम्ही तिच्या कडेवर नसता, मध्यभागी असता. स्कीइंग करणाऱ्यांच्या जीवघेण्या अपघातांत दहापैकी सुमारे नऊ वेळा ती लादी सापडलेल्या माणसाने किंवा त्याच्याच सोबत्यांनी सुटी केलेली असते. डोंगर आपोआप अंगावर येतो असं आपल्याला वाटतं, ते या अपघातांपुरतं तरी खरं नाही.

म्हणून ‘आठ दिवस बर्फ पडलेला नाही’ या वाक्याने लगेच समाधान करून घेऊ नका. नव्या बर्फाच्या ओझ्याचा प्रश्न त्याने सौम्य होतो, हे खरं. फार लांबलेली थंडी कधीकधी वरच्या लादीलाही पोखरून सुटी करते आणि धोका थोडा उतरतो, हेही खरं. पण त्याच आठ निरभ्र रात्रींत पृष्ठभागावर पिसांसारखे, चमचमणारे दंवाचे स्फटिक उगवलेले असतात. दिसायला फार देखणे. त्यांच्यावर पुढचा बर्फ पडला की तो जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा, डोळ्याला सहज न दिसणारा कमकुवत थर होऊन बसतो. तुम्ही निघणार पुढच्या आठवड्यात. मधल्या दिवसांत २०-३० सेंटिमीटर बर्फ पडला, तर आजचा सगळा हिशोब फाडून टाका आणि नव्याने मांडा. आणि बर्फ पडायलाच हवा असंही नाही. निरभ्र आकाशातला एक दिवसाचा जोरदार वारा एका बाजूचा बर्फ उचलून दुसऱ्या बाजूला, वाऱ्याआडच्या उतारावर, आभाळातून पडतो त्याच्या कितीतरी पट वेगाने रचतो, दहा पटही. डोंगराच्या धारेवरून पांढरा झेंडा फडकल्यासारखा बर्फ उडताना दिसला की त्याच्या खालच्या उतारावर लादी घातली जात आहे असं समजा.

आता पातळी ३. पाच पायऱ्यांची ही श्रेणी युरोपातल्या देशांनी १९९३ मध्ये एकत्र स्वीकारली: कमी, मध्यम, लक्षणीय, जास्त, अतिशय जास्त. परीक्षेतल्या गुणांसारखे हे आकडे वाचायचे नसतात, कारण पायरीगणिक धोका एकेकाने नाही, पटीने वाढतो. ४ आणि ५ ला बहुतेक लोक घरी बसतात. ३ ला बाहेर पडतात, कारण हवा छान असते, बर्फ मऊ असतो आणि आकडा ‘मधला’ वाटतो. मृत्यूंचा फार मोठा वाटा याच पातळीला होतो. ‘लक्षणीय’ याचा अर्थ, खड्या उतारांवर एका माणसाच्या वजनानेही लादी सुटू शकते, आणि काही वेळा लांबूनसुद्धा. मित्राच्या शब्दाला उत्तर द्यायचं झालं तर तीन हा मध्य नाही, ती वरच्या बाजूची पायरी आहे.

आणि बुलेटिन आकड्यावर सोडून देऊ नका. खाली लिहिलेला मजकूर वाचा. धोका कशाचा आहे: ताज्या बर्फाचा, वाऱ्याने रचलेल्या बर्फाचा, ओल्या बर्फाचा, की जुन्या कमकुवत थराचा? कोणत्या उंचीच्या वर? कोणत्या दिशांच्या उतारांवर? दावोसच्या हिमसंशोधन संस्थेसारख्या संस्थांची बुलेटिनं हे सगळं नकाशासकट देतात. तुमच्या वर्णनावरून तिथे ‘जुना कमकुवत थर’ लिहिलेलं असण्याची शक्यता मला फार वाटते. तसं असेल तर जास्तच सावध व्हा, कारण हा धोका डोळ्यांना दिसत नाही. वाऱ्याची लादी अनुभवाने ओळखता येते, ताजा बर्फ मोजता येतो. मीटरभर खाली दडलेले साखरेचे दाणे कुणाच्याही अनुभवाला दिसत नाहीत.

मग हाती काय उरतं? उताराचा कोन. मला तुम्हाला एकच गोष्ट सांगायला मिळाली असती तर मी हीच सांगितली असती. बर्फाच्या पोटात काय आहे याबद्दल आपण अंदाज बांधतो. कोन मात्र मोजता येतो. कोरड्या लाद्या बहुतांशी ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर सुटतात आणि ३८ अंशांच्या आसपास सर्वाधिक. ३० अंशांच्या खाली त्या क्वचितच सुटतात. दुर्दैवाने स्कीइंगला मजा येते तीही याच कोनांत.

वेर्नर मुंटर या स्विस पर्वत-मार्गदर्शकाने १९९० च्या दशकात यावरून एक साधा हिशोब मांडला: पातळी २ असेल तर ४० अंशांच्या आत राहा, ३ असेल तर ३५ च्या आत, ४ असेल तर ३० च्या आत. आणि कोन धरायचा तो उतारावरच्या सर्वांत खड्या तुकड्याचा. सरासरी धरायची नाही, तुमच्या पायांखालचा तेवढाच धरायचा असंही नाही. हा हिशोब आजही सांगितला जातो आणि सुरुवातीला तो चांगला आधार आहे. पण बुलेटिनमध्ये जुना कमकुवत थर लिहिला असेल आणि तुमच्या चौघांचा अनुभव तुम्ही लिहिता तेवढाच असेल, तर मी ३५ वर थांबणार नाही. ३० च्या खालीच राहा, आणि डोक्यावरही ३० पेक्षा खडा उतार येऊ देऊ नका.

कोन डोळ्यांनी ठरवायचा नाही. डोळे फसतात, थकल्यावर जास्तच. घरी बसून कोनांचे रंग दाखवणाऱ्या नकाशावर तुमची वाट आखा, वाट कुठे रंगीत पट्ट्यात शिरते ते पाहा. नकाशा १५-२० मीटरचा छोटा खडा टप्पा लपवू शकतो, म्हणून तिथे कोनमापकाने पुन्हा मोजा. मित्र कुठला उतार म्हणतो आहे, त्याचा कोन किती, हे तुमच्या पत्रात नाही. त्याला विचारलं का? उत्तर ‘फार नाही’ असं असेल तर ते उत्तर नव्हे. आकडा हवा.

‘डोक्यावर’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघी जवळजवळ सपाट माळावरून चाललो होतो. बोचरी थंडी, स्वच्छ ऊन, सगळं शांत. पायांखाली एकदम धप्प असा आवाज झाला, जड गादीवर कुणी बसावं तसा, आणि बर्फ खचल्याचं पोटात जाणवलं. मी मान वर केली तेव्हा आमच्यापासून बऱ्याच अंतरावर, समोरच्या खड्या उतारावर, एक बारीक निळसर रेघ उमटली होती. पुढच्या क्षणी रेघेखालचं सगळं चालू लागलं. ते आमच्या अलीकडेच थांबलं. आम्ही खड्या उतारावर नव्हतो, पण त्याच्या पायथ्याशी होतो, आणि कमकुवत थर माळावरून वरपर्यंत अखंड पसरलेला होता. आम्ही खालून त्याचा खांब काढला होता. त्या दिवशी आम्हाला कुणाला काही झालं नाही, यात आमच्या हुशारीचा काहीही भाग नव्हता. तेव्हापासून वाट आखताना मी आधी पाहते ते वर काय आहे, आणि ते सुटलं तर कुठपर्यंत येईल.

तेच खालच्या बाजूचं. उताराच्या शेवटी मोकळा, हळूहळू सपाट होत जाणारा माळ असेल तर छोट्या स्खलनातून माणूस वर राहू शकतो. पण खाली घळ, ओढ्याचं पात्र, कडा किंवा दाट झाडं असतील, तर तेवढंच छोटं स्खलन खोल गाडतं किंवा झाडांवर, खडकांवर आपटतं. हिमस्खलनातले सुमारे पाव मृत्यू अशा माराने होतात. तिथे कितीही लवकर खणून काढलं तरी उपयोग नसतो.

उतारावरच्या मागांचं काय? त्यांचा मोह मला समजतो. कुणीतरी गेलं, सुखरूप उतरलं, म्हणजे चालतंय. पण लादीची जाडी सगळीकडे सारखी नसते. जिथे ती मीटरभर जाड आहे तिथून पाच जण उतरतील आणि खालच्या थराला कळणारही नाही. सहावा दोन हात बाजूला, एखाद्या खडकाजवळून जाईल, जिथे लादी ३० सेंटिमीटरच आहे, आणि तिथून तडा संपूर्ण उतारभर जाईल. उथळ बर्फात अशा पातळ जागा जास्त असतात. मागांनी एवढंच सांगितलं की परवा, त्या रेषेवर, त्या माणसांना काही झालं नाही.

खड्ड्याबद्दलही माझं मत स्पष्ट आहे. खणायला जरूर शिका. सध्या सर्वांत उपयोगी चाचणी म्हणजे ९० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर आत असा बर्फाचा ठोकळा मोकळा करायचा, त्याच्या एका टोकाला फावड्याचं पातं ठेवायचं आणि त्यावर हाताने थापा द्यायच्या: दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. तडा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सरसर धावला तर घरी जा. या निकालावर वाद घालू नका. पण तडा धावला नाही, तर त्याने त्या एका खड्ड्यापुरतंच काहीतरी सांगितलं. पन्नास मीटरवर चित्र वेगळं असू शकतं. मी खड्ड्याचा निकाल ‘नाही’ म्हणण्यासाठी वापरते, ‘हो’ म्हणण्यासाठी वापरत नाही. तुमचा मित्र ‘खड्डा खणून बघू’ म्हणतो तेव्हा त्याने मनात उत्तर आधीच ठरवलेलं असेल आणि खड्ड्याकडून फक्त सही हवी असेल, तर तो खड्डा धोक्याचा आहे. शिवाय उणे वीसला वीस मिनिटं खणत उभं राहिल्यावर बोटं बधिर होतात, सगळ्यांना हलायची घाई होते, आणि घाईत निकाल हवा तसा वाचला जातो. हे मी स्वतः केलेलं आहे.

त्या दिवशी वाटेत ज्या खुणा दिसल्या तर परतायचं, त्या फारशा नाहीत. जवळपासच्या, तशाच दिशेच्या उतारावर ताजं स्खलन. स्कीच्या टोकापासून पुढे पळणाऱ्या भेगा. मी वर सांगितला तो धप्प आवाज. वारा बर्फ हलवत असणं. आणि दीर्घ थंडीनंतर एकाएकी चढलेलं तापमान: दहा दिवस उणे वीस असलेल्या ठिकाणी पहिल्या उबदार दुपारी लादी मऊ होते, आणि तुमचं वजन आदल्या दिवशीपेक्षा खोल पोचू शकतं. यांतली एकही दिसली तरी चर्चा नको. मात्र जुन्या कमकुवत थराच्या बाबतीत यांतलं काहीच न दिसणं ही परवानगी नाही.

सामानाविषयी थोडक्यात, पण नेमकं. प्रत्येकाच्या अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडलेल्या माणसाला शोधण्यासाठी संकेत पाठवणारं आणि पकडणारं यंत्र; पाठीवर प्रोब, म्हणजे बर्फात खुपसून पाहायची लांब काठी, आणि धातूचं फावडं. तिन्ही, चौघांकडेही. पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर दहापैकी नऊ जण वाचतात; अर्धा तास झाला की दहापैकी तिघांच्या आसपास. दहा मिनिटांत बाहेरून कुणीही येत नाही. येणार ते तुमचे तीन मित्र, आणि त्यांना टनभर घट्ट झालेला बर्फ उपसायचा असतो. थंडीत बॅटरी भराभर उतरते, म्हणून ट्रान्सीव्हर कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेला बांधा आणि निघताना एकमेकांचे तपासा. मोबाइल त्याच्यापासून निदान २० सेंटिमीटर दूर, शोध घेताना ५० सेंटिमीटर. नाहीतर संकेत गोंधळतो. पाठपिशवीतून फुगणाऱ्या एअरबॅगने पृष्ठभागावर राहण्याची शक्यता वाढते, पण झाडावर आपटलात तर ती वाचवत नाही. एक सवय कोणत्याही यंत्राहून मोलाची: संशयाच्या उतारावर एका वेळी एकच माणूस, बाकीचे खरोखर सुरक्षित जागी, त्याच्यावर नजर ठेवून.

आता तुमचा दुसरा प्रश्न, जो मला पहिल्यापेक्षा कठीण वाटतो.

इयान मॅककॅमन या अमेरिकी अभ्यासकाने अमेरिकेतल्या ७०० हून जास्त अपघातांची छाननी केली. त्यात सापडलेल्या लोकांना हिमस्खलनाचं काहीच कळत नव्हतं असं नव्हतं. पुष्कळ जण शिकलेले होते आणि धोक्याच्या खुणा समोर होत्या. आड आल्या त्या साध्या मानवी सवयी. ओळखीचा उतार आहे. ठरवलंय तर करूच. बाकीचे जातायत. आपल्यातला अनुभवी माणूस हो म्हणतोय. तुमचं पत्र मी पुन्हा वाचलं तेव्हा यांतल्या निदान तीन गोष्टी त्यात सरळ दिसल्या. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, स्टीव्हन्स पासजवळच्या टनेल क्रीकच्या उतारावर हिमस्खलनात तिघांचा मृत्यू झाला, तेव्हा त्यांच्यासोबत बरीच मंडळी होती आणि त्यांत मुरलेले, नावाजलेले स्कीपटू होते. नंतर काहींनी सांगितलं की मनात पाल चुकचुकली होती, पण एवढे जाणकार सोबत असताना बोलायचं कसं, असं वाटलं.

म्हणून बोलण्याची जागा उतार नाही. घर आहे. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी, ताजं बुलेटिन आणि नकाशा समोर ठेवून चौघं बसा आणि दोन गोष्टी ठरवून टाका. पहिली, चौघांपैकी कुणीही एकाने नको म्हटलं की सगळे परत, कारण न विचारता. अनुभवी माणसाचं मत दोन मतांइतकं नाही. दुसरी, काय दिसलं तर परतायचं, हे आधी कागदावर. उतारावर उभं राहून, मऊ बर्फ समोर असताना ठरवलेल्या अटी वितळतात.

मित्राला ‘तुझं चुकतंय’ म्हणू नका. त्याला उत्तर द्यावं लागेल असं विचारा. ‘बुलेटिनमध्ये कुठल्या दिशा दिल्यात? आपला उतार त्यात बसतो का? सगळ्यात खडा टप्पा किती अंशांचा आहे? सुटला तर आपण कुठे जाऊन पडू?’ चांगला मार्गदर्शक या प्रश्नांनी खूश होतो. आणि हात हलवत जाऊ नका, दुसरी वाट आखून न्या: २५ अंशांच्या आसपासचा, वर काही खडं नसलेला, लांबलचक उतार. थंडीने मऊ, भुसभुशीत झालेल्या बर्फात २५ अंशांवरही स्की छान पळते. चर्चा ‘जायचं की नाही’ अशी न राहता ‘इथे की तिथे’ अशी झाली की माणसांना माघार घेणं फार सोपं जातं.

हे सगळं करूनही मित्र हसला, तर जाऊ नका. हे मला अगदी सरळ सांगायचं आहे. अर्ध्या वाटेतून एकट्याने परतणंही धोक्याचं असतं, म्हणून हा निर्णय दारातच घ्या. मैत्रीला एक दिवस कडवटपणा येईल. येऊ द्या.

आणि एक राहिलं. तुमच्या एका दिवसाच्या वर्गात ट्रान्सीव्हरचा सराव किती झाला, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आठवडा हातात आहे. चौघं मिळून दोन संध्याकाळी बाहेर पडा. एकाने आपला ट्रान्सीव्हर चालू करून पिशवीत घालून मीटरभर खोल पुरायचा, बाकीच्यांनी जाडे हातमोजे घालून, अंधारात, घड्याळ लावून शोधायचा आणि पूर्ण खणून काढायचा. पाळी बदलत राहा, म्हणजे तुमच्या अनुभवी मित्रालाही पुरणाऱ्याच्या जागी उभं राहून तुम्ही त्याला किती वेळात शोधता ते पाहता येईल. किती मिनिटं लागली ते मला कळवा, आणि उताराचा कोनही.